झिपीशेअरच्या जागी पुन्हा तसलंच कशाला?

झिपीशेअर या फाइल शेअर करायच्या बंद पडलेल्या साइटवरचा तुमचा लेख वाचला. त्यात तिला पर्याय म्हणून दिलेल्या साइट म्हणजे एकाच माळेचे मणी. सगळ्या फुकट आणि जाहिरातींवर जगणाऱ्या. अहो, झिपीशेअरचा गाशा गुंडाळला गेला तो याच हिशोबापायी! २००६ पासून चाललेली साइट मार्च २०२३ अखेर बंद करताना चालवणाऱ्यांनीच सांगितलं होतं की अ‍ॅडब्लॉकरमुळे (जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) उत्पन्न आटलं आणि विजेचा खर्च मात्र चढत गेला. मग उद्या यांचंही तेच होणार. (शिवाय झिपीशेअरवर जाहिरातींच्या गर्दीत डाउनलोडचं खरं बटण कुठलं, हे शोधण्यातच निम्मा जीव जायचा.)

मी डीटीपीचं काम करतो. दिवाळी अंकाची पीडीएफ छापखान्यात पाठवायची तर जीमेल २५ एमबीलाच हात वर करतं. मी स्विसट्रान्सफर ही मोठ्या फाइली पाठवायची साइट वापरतो. ५० जीबीपर्यंत जातं, खातं उघडायची भानगड नाही, पासवर्ड लावता येतो आणि मुदत संपली की फाइल आपोआप उडते. समोरचा त्याच वायफायवर असेल तर लोकलसेंड हे अ‍ॅप बेस्ट, फाइल इंटरनेटवर जातच नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायचं असेल तर फोटो निदान ‘डॉक्युमेंट’ म्हणून तरी पाठवा हो, नाहीतर फोटो दाबून लहान केला जातो आणि छपाईत चेहऱ्यांचा पार लगदा होतो.