येथे ब्लॉग कांडून मिळेल

मिरची कांडायला गेलेली बाई रडत घरी आली तरी तिला कुणी काही विचारत नाही, ही एक सोय आहे. परवा मी तशीच आले. सासूबाईंनी डबा उघडला, रंग बघितला, चिमूटभर जिभेवर ठेवून 'मीठ कमी पडलंय' म्हणाल्या आणि आत गेल्या. माझे डोळे नुसत्या संकेश्वरीनं लाल झालेले नव्हते. पण ते ऐकायला घरात कुणी मोकळं नव्हतं, म्हणून आता तुम्ही ऐका.

डंकावर पिशवी ठेवून घरी निघून जाता येत नाही. म्हणजे जाता येतं, पण मग आपण रंगासाठी हौसेनं आणलेली ब्याडगी दुसऱ्याच्या डब्यात जाते आणि दुसऱ्याची लवंगी आपल्या पोटात. त्यामुळं एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका, बाप्ये, एखादा कामाला जुंपलेला जावई, सगळे आपापल्या मिरचीवर डोळा ठेवून उभे असतात आणि त्या डोळ्यांतून धारा लागलेल्या असतात. लोखंडी मुसळं एकामागून एक आपटत असतात. बोलायचं तर ओरडावंच लागतं. तिथं खासगी असं काही राहत नाही.

डंकाच्या मालकीणबाईंनी माझ्या पिशवीला नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कौतुक केलं, "ह्या वैनी नेटवर लिवत्यात! ब्लॉग हाय त्यांचा!" मालकीणबाईंनी माझा ब्लॉग कधी बघितलेला नाही. मागं एकदा मी लेखात टाकायला डंकाचा फोटो काढला होता, एवढीच त्यांची माहिती. पण तेवढी पुरली. माझ्या पुढचा नंबर असलेले गृहस्थ वळले.

नाकातोंडावर रुमाल बांधलेला, वर काळा गॉगल, डोक्याला टोपी. चेहरा असा काही दिसतच नव्हता. दिसत होता तो उत्साह.

"किती मिळत्यात?" ते ओरडले.

"काय?"

"पैसे! पैसे!"

"काही नाही!" मीही ओरडले. शेडमधली अर्धी माणसं वळून बघायला लागली.

"मग कशाला लिवताय?"

याचं उत्तर माझ्याकडं आहे. पण अभिव्यक्ती वगैरे शब्द मुसळांच्या वर आवाज काढून ओरडता येत नाहीत. मी "आवड!" एवढंच म्हटलं.

"असू दे, असू दे," ते म्हणाले. त्या 'असू दे'मध्ये फार दया होती.

मग भाचा आला. म्हणजे बोलण्यात आला. तो पुण्यात हिंजवडीला असतो आणि लोकांच्या वेबसाइटी गूगलमध्ये वर आणून देतो. त्याचं सगळं ज्ञान मामांनी सुट्टीत ऐकून ठेवलेलं होतं आणि ते कुणाला तरी द्यायचं राहून गेलं होतं. अडचण एवढीच की दर दुसऱ्या वाक्याला त्यांना शिंक येई. शिंक आली की सल्ला अर्धवट तुटे आणि मग तो जिथं तुटला तिथून न जोडता पहिल्यापासून सुरू होई.

"पयली गोष्ट. रोज टाकायचं. गवळी रोज दूध घालतोय का न्हाई? एक दीस चुकला की गिऱ्हाईक... हाक्छी!... पयली गोष्ट. रोज टाकायचं."

मी म्हटलं, मला रोज सुचत नाही. त्यावर ते म्हणाले, "सुचायचं काय काम हाय त्यात? टाकायचं!"

"दुसरी गोष्ट, मथळा. मथळा असा पायजे की माणसानं बोट दाबलंच पायजे. आता हेच घ्या. 'मंगळवार पेठेतल्या ह्या बाईनं चटणीत काय टाकलं बघा!'"

"काय टाकलं?" माझ्या मागच्या काकूंनी विचारलं.

"बघा! आलं का न्हाई गिऱ्हाईक?" गृहस्थ खूश झाले. काकूंचं मात्र समाधान होईना. त्या माझ्या पिशवीत वाकून बघायला लागल्या. "काय टाकलंय गं? आमच्यात खोबरं जास्त घालत्यात. तू तीळ घातलास का?" मी म्हटलं, काही वेगळं नाही हो, नेहमीचंच आहे. यावर त्यांचा विश्वास बसला नाही. नंबर येईपर्यंत मी काहीतरी लपवतेय अशाच नजरेनं त्या बघत राहिल्या. मथळ्याची ताकद म्हणतात ती ही.

"तिसरी गोष्ट. एकच विषय धरायचा. तुमी कशावर लिवता?"

"कशावरही! रंकाळ्यावर, बसवर, शेजाऱ्यांवर. कधी पावसावर."

"हितंच गंडतंय!" त्यांनी गॉगल काढला. बहुतेक मला नीट बघून घ्यायला. "तुमी बाईमाणूस. रेसिपी लिवा. आता ही चटणी हाय. फोटू काढा, माप लिवा, संपला विषय. कोण वाचणार हाय तुमचा पाऊस? पाऊस काय घरात पडत न्हाई व्हय लोकांच्या?"

इथं मला खरोखर राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. दिवसभर ओट्यापाशी जे करायचं तेच रात्री भांडी आवरून झाल्यावर टाइप करत बसायचं, आणि मग जिरं एक चमचा की दीड यावर कुठल्या तरी परगावच्या बाईशी प्रतिक्रियांमध्ये हुज्जत घालायची. माझा नवरा फेसबुकवर राजकारणावर लिहितो. त्याला आजपर्यंत एकानंही 'तुम्ही दाढी कशी करता ते लिहा' असं सुचवलेलं नाही.

बरं, सल्लाच हवा असेल तर तो माझ्याकडंही आहे. मला कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी. ब्लॉगरवर फुकट खातं काढा, काही बिघडत नाही. १९९९ पासून चालू आहे ते, २००३ मध्ये गूगलनं घेतलं. पण फुकटच्या जागेत राहताना सामान कधीही उचलता येईल असं ठेवावं. सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या लेखांची फाइल अधूनमधून उतरवून घ्यावी, आणि जमलं तर वर्षाला थोडे पैसे भरून स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा, म्हणजे उद्या घर बदललं तरी पाटी आपली राहते. सगळ्या ब्लॉगांचे नवे लेख एका जागी आणून देणारा गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा कितीतरी ब्लॉगांचे नेमानं येणारे वाचक गेले ते गेलेच. पुढं २०२१ मध्ये फीडबर्नरनं नवा लेख ईमेलनं पोचवायची सोय काढून टाकली. ज्यांनी वाचकांचे पत्ते स्वतःकडं उतरवून घेतले होते ते वाचले. बाकीचे माझ्यासारखे 'नवीन लेख टाकलाय हं' असं लग्नाच्या पंगतीत सांगत फिरतात. आणि टाइप करायचं ते युनिकोडमध्येच. ओळखीच्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टात करून घेतलेला मजकूर पडद्यावर काय दिसेल ते देव जाणे, आणि गूगलला तर तो मराठी आहे हेच कळत नाही. लेखाच्या लिंकमध्येही देवनागरी ठेवू नये. कुणाला पाठवायला गेलं की तिची टक्क्याच्या खुणांची आणि आकड्यांची चार ओळींची माळ होते, आणि घरातली वडीलधारी माणसं तिला व्हायरस समजून फोन बंद करून ठेवतात.

यातलं काहीही गृहस्थांना सांगायची संधी मिळाली नाही, कारण तोवर ते चौथ्या गोष्टीवर पोचले होते.

"लिवायचं कसं ते मी दावतो तुमास्नी." त्यांनी खिशातून फोन काढला. "काल आमच्या पेन्शनर ग्रुपवर आलाय एक लेख. ह्याला म्हंत्यात लिवणं. ऐका." आणि त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

पहाटे फिरायला येणाऱ्या माणसांचे प्रकार होते त्यात. एक नुसतेच हात हलवणारे. एक डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून येणारे आणि ते प्रत्येकाला सांगणारे. एक कुत्र्याला फिरवायला आलेले, पण कुत्रंच ज्यांना फिरवतं ते. दुसऱ्या वाक्यालाच माझ्या पोटात गोळा आला. लेख माझा होता. पावसाळ्यात लिहिलेला. रंकाळ्यावरचा.

आता त्यात रंकाळा नव्हता. सारसबाग होती.

कुणीतरी माझा लेख पुण्याला नेला होता. गंगावेशीतलं धारोष्ण दूध जाऊन तिथं अमृततुल्य चहा आला होता. मी होते तिथं एक पुरुष आला होता. 'मी पोचले'चं 'मी पोचलो', 'दमले'चं 'दमलो', सगळं व्यवस्थित बदललेलं. पण काम करणारा घाईत असावा. "मी सारसबागेत संध्यामठाकडं तोंड करून बसलो," गृहस्थ वाचत होते, "आणि पदर खोचून पुन्हा चालायला लागलो."

"थांबा!" मी ओरडले. "पदर खोचून?"

"मोठ्या लेखकांचं असतंय असं कायतरी," ते म्हणाले आणि पुढं गेले.

वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले. ते मिरचीनं आलेत हे मला कळत होतं, तरीही क्षणभर बरं वाटलं. शेवटी 'लेखक: अनामिक' आलं, मग 'आवडल्यास पुढे पाठवा', आणि त्याखाली सकाळी कोमट पाणी पिण्याचे फायदे. तेही माझेच असावेत अशा भक्तिभावानं त्यांनी ते संपेपर्यंत वाचले.

"पुण्याचा माणूस हाय," फोन खाली करत ते म्हणाले, "पण लिवलंय एक नंबर. मान्य करायला पायजे."

कोल्हापूरच्या माणसानं एप्रिलच्या उन्हात, डंकावर उभं राहून, पुण्याच्या माणसाचं चारचौघांत कौतुक केलं. ही घटना मी याआधी कधी बघितली नव्हती. आणि तो पुण्याचा माणूस मी होते.

"हा लेख माझा आहे!" मी म्हटलं.

"व्हय, मला पण तसंच वाटलं. अगदी आपल्या मनातलं लिवलंय."

"तसं नाही! मी लिहिलाय! संध्यामठ सारसबागेत कुठनं येईल? रंकाळ्यात आहे तो!"

त्यांनी विचार केला. "असंल की पुण्यात पण एखादा." मग आणखी विचार करून, "तुमचा असता तर खाली तुमचं नाव नसतं व्हय?"

मी कायदा सांगितला. कुणीही रडायच्या स्थितीत असताना सांगू नये, पण सांगितला. १९५७ चा प्रताधिकार कायदा, कुठंही नोंदणी न करता लिहिल्या क्षणी हक्क लेखकाचा होतो. त्यातलं ५७ वं कलम, हे मी लिहिलंय असं म्हणायचा अधिकार लेखकापासून कुणी काढून घेऊ शकत नाही. लेखक मेल्यानंतरही ६० वर्षं प्रताधिकार राहतो.

"मेल्यावर ६० वर्षं?"

"६० वर्षं!"

"मग आत्ता कशाला घाई करताय? वेळ हाय की."

शेडमधले लोक हसले. मालकीणबाई पण हसल्या. त्या हसल्याचं मला जास्त लागलं.

एखाद्या वेबसाइटनं लेख उचलला तर निदान गूगलकडं तक्रार करता येते, ते तो शोधातून काढतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराला पत्ताच नसतो, तक्रार कुणाच्या दारात न्यायची? त्यांच्या फोनवर लेखाच्या डोक्यावर दोन बाणांची खूण होती. ती कमीत कमी पाच हातांतून गेल्याशिवाय लागत नाही. माझ्या ब्लॉगवर पाच माणसं एका दिवशी आली तर मी घरात गोड करते. आणि इथं पाच माणसांनी वाचून, आवडून घेऊन, पुढं ढकललेला लेख, त्यात एकालाही वाटलं नाही की याला कुणीतरी लिहिलेलं असणार. करवीर नगर वाचन मंदिर या गावात १८५० पासून आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यातलं मोफत तेवढं आम्ही पक्कं लक्षात ठेवलंय.

तसं बघितलं तर बचावाचे उपाय आहेत. मजकूर कॉपीच होऊ नये असं कुलूप लावता येतं. पण ते चोराला अडवत नाही, तो स्क्रीनचा फोटो काढतो. अडतो तो एखादं वाक्य कौतुकानं कुणाला पाठवू बघणारा सज्जन, म्हणून मी लावलेलं नाही. नाव फक्त वर न ठेवता लेखाच्या मधोमध गुंफायचं, हा एक बरा उपाय. शेजारीण मला नावानं हाक मारते असा प्रसंग घालायचा. मी तर ठरवलंय, यापुढं दर परिच्छेदात एक पदर आणि एक पांढरा रस्सा. नेऊ दे पुण्याला.

"पत्ता सांगा तुमच्या ब्लॉगचा," गृहस्थ अचानक म्हणाले. कदाचित माझ्या चेहऱ्याकडं बघून. मी एक एक अक्षर ओरडून सांगितलं, काकूंनी मध्येच एक अक्षर दुरुस्त केलं, आणि खरंच पान उघडलं. त्यांनी गॉगल कपाळावर चढवून वरपासून वाचायला घेतलं. नवा लेख होता, पावसावरचा. ते गालात हसले. मग पुन्हा हसले. डंकाच्या आवाजात एक माणूस माझ्यासमोर माझा लेख, माझ्या पानावर, माझ्या नावाखाली वाचत होता.

"चांगलं हाय की ओ हे!" ते म्हणाले. "हितं ईमेल मागतंय."

"टाका ना! नवीन लेख आला की घरपोच येईल."

"ईमेल भाच्याकडं असतंय." त्यांनी बोट मजकुरावर दाबून धरलं, खालपर्यंत ओढत नेलं, दोन ठिकाणी दाबलं. "हां. झालं कॉपी. ग्रुपवर टाकतो, चाळीस माणसं हैत. तुमचं नाव वरच ऱ्हायलं बघा, घेतलंच न्हाई त्यानं. असू दे. लोकांस्नी मजकुराशी मतलब."

तेवढ्यात मालकीणबाईंनी त्यांचा नंबर पुकारला.