'शहरी आव' म्हणणाऱ्या साहेबांना

साहेब, बरिअल या लंडनच्या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या 'अनट्रू' (२००७) या अल्बमवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "बाळा, मराठवाड्यातल्या माणसाने लंडनच्या पावसावर उसासे टाकणं हा शुद्ध शहरी आव. मशीनच्या आवाजात कसलं आलंय दुःख? आपला गोंधळ ऐक. आणि लेख फार लांबलाय."

लेख लांबलाय, कबूल.

पण 'बाळा' कामून? ओळख ना देख. माझी चाळिशी कधीच उलटली. कडक लिहा, अल्बम भिकार आहे म्हणा, चालेल. ही डोक्यावरून हात फिरवायची तऱ्हा मात्र नको.

आता 'शहरी आव'. माझं बालपण मानवत तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. घरात आकाशवाणी परभणी आणि मामाच्या कॅसेटी, एकीवरच पुन्हा पुन्हा गाणी भरलेल्या. गाणं सुरू व्हायच्या आधी खरखर यायची, मधूनच आधीच्या गाण्याची एखादी ओळ डोकवायची. 'अनट्रू'मध्ये ही खरखर मुद्दाम ठेवलेली आहे, रेकॉर्डच्या तबकडीची. गाणाऱ्यांचे तुकडे उचलून त्यांची पट्टी अशी वर-खाली ओढलीय की बाई गातेय की बाप्या, ते कळू नये. मला तो अल्बम पहिल्यांदा ऐकताना परका वाटला नाही, तो यामुळे.

पुढे वाळूजला एमआयडीसीत नोकरी केली. सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीची बस, अर्धी झोपलेली. कानात हाच अल्बम. या माणसाच्या २००६च्या पहिल्या अल्बममध्ये 'नाइट बस' नावाचा तुकडाच आहे. त्या बसमध्ये मी आव आणणार कुणापुढे? शेजारचा घोरत असायचा! तुमच्या प्रोफाइलवर गाव कोथरूड दिसतंय. तिथून मराठवाड्याने काय ऐकावं हे सांगणं सोपं असावं.

मशीनचं म्हणाल, तर बरिअलने हे सगळं साउंड फोर्ज या आवाज कापायच्या-जोडायच्या साध्या एडिटरमध्ये, ठोके आपोआप मापात बसवणारा सिक्वेन्सर न वापरता, स्क्रीनवरच्या आवाजाच्या लाटा डोळ्यांनी बघत जुळवलंय. त्यामुळे ताल जरा लंगडतो, ठोका काटेकोर पडत नाही. जीव आहे तो त्या लंगडण्यातच. आणि कीर्तनातली पेटी काय आपल्या शेतात उगवली? तीही युरोपातून आलेली. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती, त्यातलं एक कारण ती परकी हेच. तुमची परंपरा जुनी आहे, साहेब.

गोंधळाचं मला सांगू नका. आमच्याकडे लग्नानंतर गोंधळ होतोच, संबळाच्या आवाजात लहानाचा मोठा झालोय. तो विषय इथे नको.

दुसरी प्रतिक्रिया जरूर लिहा. 'बाळा'ने सुरू झाली तर मात्र उडवीन.