केळीची साल थेट कुंडीत पुरू नका, आधी तिचं खत होऊ द्या

सगळ्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: कुंडीत केळीची साल, अंड्याची टरफलं आणि उरलेली चहापावडर पुरा, सकाळ-संध्याकाळ पाणी घाला, फुलं गळाली की एप्सम सॉल्ट टाका, 15 दिवसांत घरची विषमुक्त भाजी तयार, बाजारात जायलाच नको. मला हे फार खटकतं, कारण नवीन माणूस हौसेने कुंड्या आणतो, सगळं तसंच करतो, रोपं मरतात आणि मग तो म्हणतो माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत. अहो हाताचा काही संबंध नाही, सांगणाऱ्याने चुकीचं सांगितलं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

केळीच्या सालीत पोटॅश असतं हे अगदी खरं. पण साल कुजल्याशिवाय ते मुळांना नीट मिळत नाही. शेतात पुरलीत तर तिथे भरपूर माती असते, गांडुळं असतात, कुजून जाते. दहा इंची कुंडीत ती मुळांना चिकटून सडते, मातीतला ऑक्सिजन कुजण्यातच संपतो, वर चिलटं आणि मुंग्या, तळमजल्यावर असाल तर उंदीर-घुशी पण. ओला कचरा वाया घालवू नका, पण तो कुंडीबाहेर कुजवा. झाकणाची बादली घ्या, बाजूंना आणि तळाला भोकं पाडा, ओल्या कचऱ्याचा एक थर की त्यावर सुक्या पाल्याचा जाड थर, मधूनमधून वरखाली करा, हवं तर सुरुवातीला थोडं आंबट ताक शिंपडा. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत मिळतं, ते घाला कुंडीत बिनधास्त. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या (आताचं मुंबई पोर्ट ऑथॉरिटी) कॅन्टीनच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्याच कचऱ्याचं खत करून भाज्या-फळझाडं वाढवली गेली, म्हणजे कचऱ्यात ताकद आहेच, प्रश्न फक्त तो कुठे कुजतो याचा आहे.

चहापावडरीचंही तेच, त्यात आपला चहा दूध-साखरेचा, तसाच टाकला की बुरशी आणि मुंग्या ठरलेल्या. धुवून खताच्या बादलीत टाका.

आता टरफलं. ती जवळजवळ सगळी कॅल्शियम कार्बोनेटची, हाताने चुरून टाकलेले तुकडे पुढच्या वर्षी माती उकरलीत तरी तसेच सापडतात. बारीक पूड केलीत तर थोडा उपयोग, तोही आम्लधर्मी मातीत. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी आधीच भरपूर असते. टोमॅटोचं बूड काळं पडतं तेव्हा लोक लगेच टरफलं टाकतात, पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम कमी नसतंच, पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस काहीच नाही असं झाल्यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. आणि अशा वेळी एप्सम सॉल्ट घातलंत तर उलट नुकसान, कारण ते मॅग्नेशियम सल्फेट आहे आणि जास्तीचं मॅग्नेशियम मुळांकडून कॅल्शियम घेण्याच्या आड येतं. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं दिसत असेल तर मॅग्नेशियमचा विचार करा, नाहीतर ती पुडी आणूच नका.

पाणी घड्याळ बघून घालायचं नसतं. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर आज पाणी नको. मे महिन्यात गच्चीवर दोनदाही लागेल, जुलैत आठवडाभर लागणार नाही. कोवळी रोपं बुडाशी मऊ होऊन आडवी पडतात ना, ते बऱ्याचदा जास्त पाण्याने, आणि तळाचं भोक बुजलं असेल तर अजून लवकर.

15 दिवसांत भाजी? धणे रगडून दोन फाकी करून पेरलेत तरी उगवायलाच आठ-दहा दिवस जातात, म्हणजे पंधराव्या दिवशी जेमतेम पानं दिसतील, काढण्याजोगी कोथिंबीर व्हायला साधारण 40 दिवस. मेथी 25 ते 30, भेंडीची पहिली तोडणी 45-50 दिवसांनी, टोमॅटोला रोप लावल्यापासून दोन महिने तरी धरा. हे आधी माहीत असलं की माणूस विसाव्या दिवशी कुंडी रिकामी करत नाही. आणि ऊन! मेसेजमध्ये उन्हाचा शब्दसुद्धा नाही. फळभाजीला सहा तास थेट ऊन हवंच, तीन-चार तासच येत असेल तर मेथी, पालक, पुदिना लावा, टोमॅटोचा हट्ट नको.

बाजार बंद होणार नाही. चौघांच्या घराला रोज किलोभर भाजी लागते, बाल्कनी तेवढं देत नाही. पण कढीपत्ता, मिरची, कोथिंबीर, कोपऱ्यात अळू एवढं घरचं झालं तरी मोठी गोष्ट आहे आणि ते नक्की जमतं. विषमुक्त म्हणाल तर कीड घरीही येते, मावा (कोवळ्या पानांना चिकटणारे बारीक किडे), पांढरी माशी, मिरचीवर बोकड्या म्हणजे पानं आकसून मुरडणं. रोज पानं उलटून बघा, थोडा मावा असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने जातो, जास्त असेल तर लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळीच फवारा, उन्हात पानं करपतात.

राहिलं फुलं गळणं. दुधीला आधी नरफुलं येतात आणि ती गळणारच, तो आजार नाही, त्याला औषध नको. मादीफुलाच्या मागे बोटाएवढा छोटा दुधी असतो, तो पिवळा पडून गळत असेल तर बहुधा परागीभवन झालेलं नाही, वरच्या मजल्यांवर कीटक फारसे येत नाहीत. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा ताजं नरफूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पराग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. काम झालं असेल तर चार-पाच दिवसांत तो छोटा दुधी फुगलेला दिसतो.