ऑक-सेड मोडीत काढण्याआधी

आमच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरून येतोच. मतितार्थ असा: ऑक, सेड, सॉर्ट ही मजकुराच्या फाइली चाळायची, बदलायची, क्रमाने लावायची, आदेश टाइप करून चालवायची सत्तरच्या दशकातली हत्यारं, मोठी फाइल त्यांना झेपत नाही, सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने तोडलेली फाइल) कळत नाही, मराठी तर त्यांच्या गावीही नाही. तेव्हा फाइल एक्सेलमध्ये उघडा आणि मोकळे व्हा. दिवसभर याच हत्यारांवर पोट भरतो, म्हणून उत्तर देणं आलं.

जुनी आहेत, कबूल. ऑक १९७७ चं, बेल लॅब्जमधलं. आहो, वाइनबर्गर, कर्निहन या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं. विळीही जुनीच आहे.

मोठ्या फाइलीचं म्हणणं मात्र पार उलटं. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पुढे बोंब. ऑक एकेक ओळ वाचतं, काम उरकतं, सोडून देतं. फाइल चाळीस जीबीची असली तरी त्याला घाम फुटत नाही. सॉर्टला सगळा माल लागतो खरा, पण मेमरीत मावेना की ते तुकडे तात्पुरत्या फाइलींत ठेवून शेवटी जुळवतं. एक्सेलच्या मर्यादेचा फटका इंग्लंडला २०२० मध्ये बसला: जुन्या स्वरूपाच्या फाइलीत ६५,५३६ ओळींपलीकडचं काही मावेना, आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून गळाले. शिवाय एक्सेल पंधराच अंक सांभाळतं. १६ अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून उघडला की शेवटचा अंक शून्य.

सीएसव्हीबद्दल मेसेजवाल्याचं अर्धं खरं आहे. आमच्या सोसायटीच्या हिशेबातल्यासारखी एक ओळ घ्या (अंक इंग्रजी समजा):

ए-३०४,"कुलकर्णी, स.","१,२५,०००",भरले

रकाने चार. ऑकला नुसतं ‘स्वल्पविरामावर तोड’ सांगितलंत तर हाती सात येतात. त्यात आपली लाखाची पद्धत: पाश्चात्त्य पद्धतीत याच रकमेला एक स्वल्पविराम, आपल्याकडे दोन. मग तिसऱ्या रकान्याची बेरीज करायला जावं तर तिथे रकमेऐवजी ‘स.’ बसलेला, आणि ऑक कुरकुर न करता त्याचं शून्य धरतं. असा चुकीचा हिशेब मी एकदा पुढे पाठवलाही आहे. पण हा दोष ऑकचा की आपल्या सांगण्याचा? अवतरणचिन्हांचे नियम (त्यांच्या आतल्या स्वल्पविरामावर तोडायचं नाही) २००५ च्या आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहिलेले आहेत, आणि २०२३ मध्ये कर्निहन यांच्या मूळ ऑकमध्ये व जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या गॉक ५.३ मध्ये (गॉक म्हणजे त्यांचं ऑक) त्यासाठी ‘सीएसव्ही’ नावाचा पर्यायच आला. तो लावला की चारच रकाने. जुनं ऑक असेल तर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं सीएसव्ही मॉड्यूल वापरा, त्यात कमीपणा नाही.

(फाइल विंडोजवरून आली असेल तर आणखी एक गंमत: शेवटचा रकाना ‘भरले’ आहे का विचारलं की एकही ओळ सापडत नाही, कारण शब्दामागे न दिसणारं कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची विंडोजची जादा खूण) चिकटलेलं असतं. आधी ते काढा.)

राहता राहिली मराठी. इथे एक हत्यार खरंच नापास होतं, ते म्हणजे टीआर, एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारं. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करायला ते अगदी नेमकं वाटतं. पण जीएनयूचं टीआर अक्षरं बघत नाही, साठवणीचे तुकडे म्हणजे बाइट बघतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपला प्रत्येक अंक तीन बाइटचा. शून्य ते नऊ असे दोन्हीकडचे अंक ओळीने दिले, तर ‘१’ च्या जागी नऊ-नऊ-पाच उमटतं. शेजारच्या नावांचीही वाट लागते, कारण देवनागरी अक्षराचा पहिला बाइटही तोच असतो.

तेच काम सेडच्या ‘वाय’ आदेशाने करा; लोकेल (संगणकाची भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ असेल तर चोख होतं. लोकेल ‘सी’ (नुसते बाइट मोजणारी) असेल तर सेड अडून बसतं, दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही म्हणतं. टीआरपेक्षा ते बरं, निदान बोलतं तरी.