दोन्ही पाय जमिनीला टेकणारीच सायकल घ्यावी का? खुलासा

नवशिक्या बाईने सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकतील अशीच सायकल घ्यावी, असा संदेश फिरतोय. तो चुकीचा आहे. पाय टेकायचे ते सीटवरून पुढे उतरून. तेव्हा फ्रेमची आडवी दांडी आणि जांघ यांत २-३ सेंमी जागा उरली की फ्रेमचं माप बरोबर. सीटची उंची वेगळी ठरते: पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. सीट याहून खाली ठेवली तर कोकणातल्या चढांवर गुडघ्याची वाटी दुखते आणि बोल मात्र सायकलीला. तोल सांभाळता येईपर्यंत सीट खाली चालेल. चढ सोपे जावेत म्हणून मागच्या चाकाचा सर्वांत मोठा गिअर ३२ दात्यांचा तरी बघा. सीटखालच्या, फ्रेममध्ये जाणाऱ्या नळीला ग्रीस लावा. खाऱ्या हवेत ती गंजून अडकली की उंची बदलणंच बंद.