नोकरी सोडणाऱ्याला जगभर बंदी कशी घालावी

कंपनी काढलीत? अभिनंदन. आता माणसं सोडून जाऊ नयेत याची तजवीज करा. पगार वाढवणं हा एक मार्ग आहे म्हणतात, पण आपल्यात ती पद्धत नाही.

नेमणूकपत्रात लिहा : नोकरी सोडल्यावर दोन वर्षं, 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष', स्पर्धकाकडे काम करायचं नाही. हद्द? संपूर्ण जग. ऑफिस हिंजवडीत आणि सगळी गिऱ्हाइकं भोसरीची असली तरी जगच लिहा.

वर्षभर काम न देता बेंचवर बसवलेल्यालाही तुमची सगळी गुपितं ठाऊक आहेत असं धरून चाला.

१८७२च्या करार कायद्याचं कलम २७ वाचू नका; कामधंदा करण्यापासून रोखणारा करार ते रद्दबातल ठरवतं, उगाच झोप उडते. १९६७चा गोलिकरी निकाल मात्र फ्रेम करून लावा. सुप्रीम कोर्टाने तेव्हा कंपनीच्या बाजूने बंधन कायम केलं होतं. ते करार चालू असतानाचं होतं, हे कुणी विचारलं तरच सांगा. करार संपल्यावरही श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानला बांधून ठेवू पाहणारी एजन्सी २००६ मध्ये त्याच कोर्टात हरली, हे विचारलं तरी सांगू नका.

आता खरी कलाकुसर. 'एखादं कलम अवैध ठरल्यास उर्वरित करार शाबूत राहील' हे असतंच. त्याला शिडी जोडा : दोन वर्षं, ती टिकली नाहीत तर एक, तेही नाही तर सहा महिने. तुळशीबागेत भाव उतरवतात तसं. पण नोकरी संपल्यावरच्या बंदीला आपल्याकडे मुदत कमी म्हणून सूट मिळत नाही, शिडी सगळीच्या सगळी पडते. कायद्यातला अपवाद आहे तो धंदा नावलौकिकासकट विकणाऱ्यासाठी. मी तुमच्याकडे टेस्टिंग करत होतो हो, धंदा कुठला विकणार?

आणि मग हुकमी एक्का : रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, अडवा. नोटीस पिरियड पुरा झाला, लॅपटॉप, आयडी कार्ड, हेडफोनसुद्धा जमा झाला, तरी म्हणा, "आधी हमीपत्रावर सही करा, नव्या कंपनीचं नाव लिहा." फोन केला की एचआर मीटिंगमध्ये. सदानकदा मीटिंगमध्ये!

लाज वाटत नाही? हे कलम टिकत नाही हे तुमच्या वकिलालाही माहीत आहे. कोर्टात जायचंच नाहीये तुम्हाला. पहिल्याच नोकरीतल्या पोराने घाबरून हातची ऑफर सोडावी, एवढंच हवंय. गुपितं जपायचीत? गोपनीयतेचं कलम लिहा, ते मी पाळतो. भरती-ट्रेनिंगवर खर्च झालाय? मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा रीतसर बाँड घ्या, हिशेब दाखवा. विजया बँकेचा तीन वर्षांचा, २ लाखांचा बाँड २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने उचलून धरलाच की. माझ्यावर तुम्ही कसला खर्च केलात? मशीनमधला चहा?

हमीपत्रावर सही मिळणार नाही. लेटर पाठवा.