माय फादर आर टीचर

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सरळ पुढे जा.

आमच्या सोसायटीची लिफ्ट शनिवारी पहाटे बंद पडली. आज सोमवार. काल रात्री वॉचमनने जिन्याजवळच्या पांढऱ्या फळ्यावर लिहून ठेवलं : 'लिफ्ट इज नॉट वर्किंग सिन्स टू डेज. सॉरी.' सुबक अक्षर, खाली पट्टीने मारावी तशी सरळ रेघ. इंग्रजीत का लिहिलं, तर गेल्या महिन्यात पाणी बंदची सूचना त्याने मराठीत लिहिली होती आणि 'सगळ्यांना वाचता येत नाही, इंग्लिशमध्ये लिहीत जा' असं सोसायटीतल्याच मंडळींनी त्याला ऐकवलं होतं.

सकाळी आठला ग्रुपवर त्या फळ्याचा फोटो. 'सिन्स टू डेज' भोवती लाल गोल. खाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. एकाने लिहिलं, 'आर.आय.पी. ग्रामर.' दुसऱ्याने त्याला दुजोरा देताना 'यू आर राइट'च्या जागी मालकीचा 'युअर' ठोकला, तो मात्र कोणाला दिसला नाही. चार मजले गुडघे धरून चढणाऱ्या काकूंनीसुद्धा हसणारा चेहरा टाकला. लिफ्ट कधी सुरू होणार, हे एकानेही विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. सांगते.

1993 साल. मी बार्शीहून एसटीने पुण्याला मुलाखतीला आले होते. नुकतीच बी.कॉम. झालेली, टायपिंगची परीक्षा पास, आत्याच्या घरून इस्त्री केलेली साडी. टेबलापलीकडे तिघं. पहिलाच प्रश्न, घरी कोण कोण, वडील काय करतात. मी रात्रभर पाठ केलेलं उत्तर ताठ बसून दिलं : 'माय फादर आर टीचर.'

मधल्या साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, 'हाऊ मेनी फादर्स डू यू हॅव?'

तिघंही हसले. मीही हसले, कारण काय झालं ते मला कळलंच नव्हतं. जिना उतरताना कळलं. स्वारगेटपर्यंत चालत गेले त्या दिवशी, रिक्षाचे पैसे असूनसुद्धा.

आता मला सांगा, माझ्या तोंडून 'आर' का आलं? आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. 'ही इज, शी इज, दे आर' हा तक्ता मला झोपेतही येत होता. पण मराठीत वडील 'आहेत' असतात. 'आहे' तो बाप, तोही भांडणात दुसऱ्याने काढलेला. आमच्या घरात 'बाबा आला' असं म्हटलं असतं तर आजीने हातातला उलथना फेकून मारला असता. 'इज' हा शब्द माझ्या जिभेवर आलाच नसेल असं नाही, आला असणार. पण त्या तीन अनोळखी माणसांसमोर वडिलांना एकेरीत आणायला जीभ वळली नाही. मी व्याकरण चुकले नाही हो, मी फक्त एका भाषेचं व्याकरण दुसरीत पाळलं.

वॉचमनचंही तेच. 'दोन दिवसांपासून' आणि 'शनिवारपासून', मराठीत दोन्हीकडे 'पासून'. आपल्याला फरक करायची कधी गरजच पडली नाही. इंग्रजीला पडते. कधी सुरू झालं तो क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स', किती वेळ चाललंय ती लांबी मोजायची असेल तर 'फॉर'. सिन्स सॅटर्डे, फॉर टू डेज. शिवाय आपण 'तीस वर्षांपासून पुण्यात राहते' असं सरळ वर्तमानकाळात म्हणतो. त्यांना तिथे 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं, म्हणजे कालपासून आजपर्यंत ताणलेला एक वेगळाच काळ. शाळेत तो आम्हाला 'चालू पूर्ण वर्तमानकाळ' या नावाने शिकवला. चालूही आणि पूर्णही! लिफ्टसारखा.

माझा भाचा स्टुटगार्टला नोकरी करतो. तो सांगतो, त्याच्या ऑफिसातले जर्मन इंजिनियर मेलमध्ये बिनधास्त 'सिन्स टू इयर्स' लिहितात, कारण जर्मन भाषेतही या दोन्ही कामांना 'झाइट' हा एकच शब्द आहे आणि क्रियापद साधं वर्तमानकाळी. अगदी आपल्यासारखं. त्यांच्या मेलला कोणी लाल गोल करत नाही. तो जर्मन, तो इंजिनियर, त्याची ती शैली. आमचा वॉचमन, परभणीकडचा पोरगा, तो मात्र अडाणी.

आणि त्या 'हाऊ मेनी फादर्स'चं काय? त्याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं. मुलीच्या शाळेच्या वयात तिच्याबरोबर मी पुन्हा इंग्रजी शिकले, तेव्हा. इंग्रजीत पूर्वी 'तू'साठी वेगळा शब्द होता, 'दाऊ'. 'यू' हे अनेकवचन. मग मोठ्या माणसाला, साहेबाला, अनोळख्याला आदराने 'यू' म्हणायची पद्धत पडली आणि ती पसरत पसरत घरातल्या पोरापर्यंत आली. सतराव्या शतकाच्या शेवटापर्यंत रोजच्या बोलण्यातला 'दाऊ' जवळजवळ गेला, उरला प्रार्थनेत, कवितेत आणि कुठे कुठे खेड्यापाड्यांत. म्हणजे आज इंग्रज ज्याला त्याला 'तुम्ही'च म्हणतो, कुत्र्यालासुद्धा. म्हणून तर समोर एकच माणूस असला तरी 'यू आर', 'यू इज' नाही.

आता तो प्रश्न परत वाचा. 'हाऊ मेनी फादर्स डू यू हॅव?' 'डझ' नाही, 'डू'. समोर खुर्चीत मी एकटी बसले होते आणि साहेब मला अनेकवचन लावत होते! आदरार्थी अनेकवचनावर हसायला आदरार्थी अनेकवचनच वापरत होते. 'सर, हाऊ मेनी ऑफ मी डू यू सी?' असं विचारायला हवं होतं. सुचलं, पण कधी, तर पोरीच्या सहावीच्या गृहपाठाला. तोवर ते साहेब बहुतेक रिटायर झाले असतील.

बरं, मान्य. सूचना बिनचूक असावी. औषधाच्या बाटलीवर, करारावर, कोर्टाच्या कागदावर 'चालतंय की' म्हणून चालत नाही. पुढे.

माझ्या त्या वाक्यात चूक एक नव्हती, दोन होत्या. 'अ टीचर' हवं होतं. तो 'अ' तर आपल्या अंगातच नाही. 'वडील एक शिक्षक आहेत' असं मराठीत म्हटलं की पुढे गोष्ट सुरू होणार असं वाटतं, एक आटपाट नगर होतं तसं. कुठे 'अ', कुठे 'ॲन', कुठे 'द' आणि कुठे काहीच नाही, यावर आमच्या पिढीने किती गुण घालवले असतील! 'ॲन अवर' पण 'अ युनिव्हर्सिटी', कारण नियम अक्षराचा नाही, कानाला काय ऐकू येतं त्याचा. हे एक वाक्य मला कोणी पाचवीत सांगितलं असतं तर. आम्हाला सांगितलं 'ए-ई-आय-ओ-यू', आणि मग अपवाद पाठ करा.

आणि गंमत बघा. क्रिकेटमधला अंपायर मुळात अंपायर नव्हताच. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा तो 'नूम्पेर'सारखा काहीतरी होता, म्हणजे जोडीतला नसलेला, दोघांच्या भांडणातला तिसरा. 'अ नूम्पेर', 'अ नूम्पेर' म्हणता म्हणता लोकांना ते 'ॲन ऊम्पेर' ऐकू यायला लागलं आणि बिचाऱ्याचा 'न' शेजारच्या घरात राहायला गेला तो परत आलाच नाही. ॲप्रनचीही तीच कथा, तो आधी नॅप्रन होता, नॅपकिनच्या भावकीतला. ज्या 'अ' आणि 'ॲन'वरून आमचे गुण कापले, तिथे खुद्द इंग्रज घसरले, आणि घसरले तिथेच घर बांधून राहिले. त्यांच्या फळ्याला कोणी लाल गोल केला नाही. डिक्शनरीत घातलं.

आपल्या चुकांमध्येही किती मराठी भरलेलं असतं! 'आय टोल्ड हिम यस्टरडे ओन्ली' हे ऐकून माझी मुलगी कपाळाला हात लावते. पण तो 'ओन्ली' नाहीच, तो आपला 'च' आहे, 'कालच सांगितलं' मधला. त्या एका अक्षराचं काम करायला इंग्रजीत आवाज चढवावा लागतो. 'आय गेव्ह माय एक्झाम' म्हटलं की ते हसतात, कारण त्यांच्याकडे परीक्षा मास्तर देतो आणि पोरगा घेतो. आपल्याकडे पोरगा देतो आणि मास्तर घेतो. परीक्षेत कोण कोणाला काय देतं हे तुम्हीच ठरवा, मला आपलं बरोबर वाटतं. आणि 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जातो' यांना त्यांच्याकडे एकच 'वुई'. 'वुई आर गोइंग फॉर डिनर' म्हटल्यावर मला बोलावलंय की नाही हे कळायला पुढचं वाक्य येईपर्यंत थांबावं लागतं.

हे ग्रुपवरचे विद्वान तर मराठीत काय लिहितात! 'कोणीतरी माझी मदत करा.' अहो, मला मदत करा! 'मी त्याला बोलली.' म्हणाले, म्हणाले! या लोकांनी त्या पोराच्या इंग्रजीला हसावं?

थांबा. वरचा परिच्छेद पुसणार होते, पण राहू दे. 'मी बोलली' असं मुंबईत, कोकणात कितीतरी घरांत आया-आज्यांपासून बोलतात, आणि मी इथे पुण्यात बसून त्याला लाल गोल मारला. मी, बार्शीची, जिला कॉलेजात 'तुमच्याकडे असं म्हणतात होय?' असं विचारून पोरींनी चार लोकांत पुन्हा पुन्हा बोलायला लावलं होतं. त्या मुलाखतीतले साहेब माझ्यातही कुठेतरी पेन खाली ठेवून बसलेत म्हणायचे.

ती नोकरी मिळाली नाही. इंग्रजीमुळे की टायपिंगच्या वेगामुळे, कोण जाणे, पण मी आयुष्यभर ती त्या 'आर'च्याच खात्यावर टाकली. घरी गेल्यावर दोन दिवस कोणाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते, झेडपीच्या शाळेतून आलेले, बोटांना खडू. त्यांना सांगितलं. मला वाटलं चिडतील, निदान वाईट वाटून घेतील.

ते म्हणाले, 'मग काय म्हणायला पायजे होतं?'

'इज. माय फादर इज अ टीचर.'

'हेडमास्तर असते तर?'

'तरी इज.'

'आणि शिपाई?'

'त्यालाही इज.'

'कलेक्टर?'

'इजच, बाबा.'

थोडा वेळ विचार करून म्हणाले, 'बरंय की मग.' आणि उठून हात धुवायला गेले.

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. माझी तिथे लाज गेली आणि यांना शिपाई-कलेक्टर एका ओळीत बसल्याचं कौतुक! आता ते नाहीत, आणि मला त्या तीन साहेबांपैकी एकाचाही चेहरा आठवत नाही, पण बोटांना खडू लागलेला तो 'बरंय की मग' रोज आठवतो. त्यांना खरंच आवडलं होतं हो ते. त्यांच्या शाळेतल्या शिपायाला ते 'अहो' म्हणायचे.

असो. संध्याकाळी भाजी आणायला खाली उतरले तर फळा कोरा. पोरगा खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेला. पोलीस भरतीची तयारी करतो, रात्रपाळी दिवसपाळी दोन्ही करून. मला बघून उठला आणि हळूच विचारलं, 'ताई, काय चुकलं होतं? कोणी सांगंना. नुसतंच हसून जायला लागलेत.'

म्हणजे फोटो त्याच्यापर्यंत पोहोचला होता.

मी पिशवी ठेवली आणि सांगितलं. सोमवार, शनिवार, पाच वाजता, असा टेकायला खिळा असेल तर सिन्स. दोन दिवस, तीन तास, अशी दोरी मोजायची असेल तर फॉर. तो म्हणाला, 'म्हणजे आपलं पासून दोन्हीकडं चालतंय. शब्दयोगी अव्यय आहे ते, ताई, आम्हाला पेपरला असतंय.' आमच्या ग्रुपवरच्या किती जणांना शब्दयोगी अव्यय ओळखता येईल, ते मी विचारणार नाही. आत्ताच शहाणपण आलंय, निदान आजचा दिवस टिकू दे.

मी परत आले तोवर लिफ्टवाले येऊन काम करून गेले होते. फळ्यावर नवं वाक्य, तसंच सुबक, तशीच खाली रेघ : 'लिफ्ट इज वर्किंग सिन्स फाइव्ह ओक्लॉक.'

'आता सिन्स बरोबर ना, ताई?'

'एकदम बरोबर,' म्हटलं. 'इजचं उद्या बघू.'